झुळूकला दोन मार्क

बालाजी तौरने आपल्या घराला एक खूळ लावून दिलं होतं. दर दिवाळीच्या सुट्टीत जालन्याचं हे कुटुंब एखाद्या मनोरंजन उद्यानात जायचं आणि परतीच्या वाटेवर गाडीत बसून त्या उद्यानाला दहापैकी मार्क द्यायचं. पाळण्यांचे वेगळे, पाण्याचे वेगळे, जेवणाचे वेगळे, आणि संडास कसे होते याचेही वेगळे, कारण मालकाची नियत संडासात कळते असं बालाजीचं ठाम मत होतं. मग आधीच्या सगळ्या उद्यानांशी तुलना व्हायची, भांडणं जुंपायची. पण शेवटी पहिला नंबर कायम एकाच उद्यानाला मिळायचा. झुळूकला.

खरं तर झुळूकमध्ये काही नव्हतं. पैठण रस्त्यावरचं रंग उडालेलं जुनं उद्यान, निम्मे पाळणे बंद. तिसऱ्यांदा गेले तेव्हा आकाशपाळणा फिरता फिरता वीज गेली आणि बालाजी, त्याची बायको रेणुका, मोठी बहीण उज्ज्वलाताई, मुलगा निनाद आणि धाकटी जुई असे पाचही जण अगदी टोकाला लटकून राहिले. जुई तेव्हा आठ वर्षांची. ती रडायला लागली तसं बालाजीने खालच्या माणसांचं क्रिकेटसारखं समालोचन सुरू केलं. भेळवाला पुढं सरसावला आहे, जनरेटरवाला अजून पॅव्हेलियनमध्येच आहे, असं. पाऊण तास. शेजारच्या पाळण्यातली अनोळखी माणसंही हसून हसून रडली होती.

त्यानंतर सात महिन्यांनी बालाजीच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली. नऊ दिवस दवाखान्यात काढून तो गेला. वय बेचाळीस.

पुढच्या दोन दिवाळ्या कुणी सहलीचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवाळीला उज्ज्वलाताईच म्हणाल्या की पोरं कोमेजून चालली आहेत, कुठंतरी घेऊन जाऊ. त्या लहान वयात लग्न झालेल्या, लवकर विधवा झालेल्या. भावाच्याच घरी राहायच्या आणि भाऊ गेल्यावर ते घर त्यांनी रेणुकेच्या खांद्याला खांदा लावून धरलं होतं. निनाद सोळा वर्षांचा झाला होता, पण बाप गेल्यापासून त्याचं अन्नावरचं मन उडालं होतं. अकरावीत दोन विषयांत नापास झाला होता. सहलीला तो नाही म्हणाला नाही, हेच खूप होतं.

महामार्गालगत नवलनगरी नावाचं नवं उद्यान झालं होतं आणि सगळीकडे त्याचीच चर्चा होती. तिथं रांग नावाचा प्रकारच नव्हता. मोठ्या राइडच्या आधी लोकांना एका गार, अंधुक दालनात नेत. तिथं आरामखुर्च्या होत्या. कपाळावर एक मऊ पट्टी बांधायची, तिच्या दोन गाद्या कानशिलांवर बसायच्या. राइड प्रत्येकाच्या आवडीशी जुळवून घ्यायची म्हणून ही तयारी, असं तिथली मुलगी सांगत होती. उज्ज्वलाताईंच्या छातीत पेसमेकर होता, त्यामुळे त्यांना पट्टी बांधता येणार नाही असं तिने नम्रपणे सांगितलं. ताई बाहेरच्या बाकावर मक्याचं कणीस खात बसल्या.

रेणुकेने डोळे मिटले. एक मायाळू आवाज बोलू लागला. याआधी कुठल्या उद्यानात गेला होता? सगळ्यांत आवडलेला दिवस कोणता? डोळ्यांपुढे आणा. बरोबर कोण होतं? ते काय म्हणालं? त्या माणसाबरोबरचा आणखी एखादा सुखाचा दिवस आठवा. आणखी एखादा. रेणुकेला आकाशपाळणा आठवला, मग लग्नानंतरची पहिली संक्रांत, मग निनाद झाला तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात पेढ्यांचा पुडा घेऊन धडपडलेला बालाजी. चाळीस मिनिटं ती एकेक दिवस काढत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रडणं बरं वाटणारं होतं. कानशिलांवर फक्त किंचित ऊब जाणवत होती.

नंतरची राइड अफलातून होती. निनाद दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसला.

संध्याकाळी परत निघाले. गाडी आपली आपण चालत होती आणि चौघं समोरासमोर बसले होते. मार्कांचा खेळ निनादनेच काढला. पाळण्यांना दहा, पाण्याला दहा, जेवणाला नऊ. उज्ज्वलाताई हसून म्हणाल्या, “आणि झुळूकला?”

“दोन,” जुई म्हणाली.

निनाद म्हणाला की दोन तरी कशाला, पण भेळ बरी होती. ताईंना वाटलं पोरं थट्टा करताहेत. त्यांनी रेणुकेकडे पाहिलं. आता ती दोघांना झापणार, दहा म्हणणार, मग तिचे डोळे भरणार, घरी झुळूकचं नाव निघालं की दर वेळी असं व्हायचं. रेणुकेने तोंड उघडलं आणि म्हणाली, “तीन.”

स्वतःचा आवाज ऐकून ती चपापली. तिने तो दिवस आठवून पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. पाळणा, वीज, बालाजीचा निळा शर्ट, त्याचा शब्द न् शब्द. पण कुणा परक्याच्या घरातला अल्बम चाळावा तसं. एक माणूस उंचावर बसून बडबड करतोय. लोक हसताहेत. का हसताहेत ते कळत होतं, पण हसू येत नव्हतं.

“अगं, बालाजी होता त्यात,” उज्ज्वलाताई हळू आवाजात म्हणाल्या.

“हो, होते,” रेणुका म्हणाली.

घरी आल्यावर ती चपला न काढताच भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. रोज सकाळी त्या फोटोपुढे उदबत्ती लावताना तिच्या घशात आवंढा यायचा. ती उभी राहिली, वाट पाहत राहिली. आवंढा आला नाही. फोटोतला माणूस तिच्या ओळखीचा होता, एवढंच. तिने लग्नाचा व्हिडिओ लावला, मुलांच्या बारशाचा लावला. उज्ज्वलाताई मागे उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या आणि रेणुका कोरड्या डोळ्यांनी बघत होती. आपलं काहीतरी चोरीला गेलंय हे तिला कळत होतं, पण चोरीला गेलेल्या वस्तूची हळहळसुद्धा चोरानेच नेली होती.

रेणुका बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. औषध चोळलेलं शंभर बी एका ताटात, न चोळलेलं शंभर बी दुसऱ्या ताटात, आणि मग कोंब मोजायचे, हे तिचं रोजचं काम. दुसऱ्या दिवशी ती ताटं लावता लावता थांबली. गाडीत चौघं होते. तिघांच्या मनातून झुळूक पुसलं गेलं, एकीच्या मनात ते जसंच्या तसं राहिलं. त्या एकीच्या कपाळाला पट्टी लागली नव्हती. उज्ज्वलाताई म्हणजे औषध न चोळलेलं ताट.

चार दिवस ती दवाखान्यांना, संस्थांना फोन करत राहिली, तेव्हा पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. निलोफर शिकलगार यांचं नाव मिळालं. भीषण अपघातातून वाचलेल्या लोकांवर त्या उपचार करायच्या. रेणुकेची हकीकत त्यांनी मध्येच थांबवली नाही. ती संपल्यावर म्हणाल्या की तीन महिन्यांत अशा येणाऱ्या तुम्ही सातव्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्याला वाटतं की आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू, काढली, पाहिली, परत ठेवली. तसं नसतं. आठवण जागी केली की ती काही तास मऊ होते, आणि मेंदू नवी प्रथिनं बनवून तिला पुन्हा पक्की करतो. त्या काही तासांत तिच्यात बदल करता येतो. रेणुकेला हे लगेच उमगलं. कोरडं बी वर्षानुवर्षं टिकतं; एकदा भिजलं की त्याचं काहीही होऊ शकतं.

“आणि आठवण एका जागी नसते,” डॉक्टर म्हणाल्या. “काय घडलं ते एकीकडे असतं. ते घडताना काय वाटलं, ते दुसरीकडे. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, त्याच्याशी त्याचा धागा असतो. आठवण मऊ असताना बाहेरून, ऐकू न येणारे ध्वनितरंग नेमके त्या भागावर सोडले की धागा परत जुळत नाही. घटना राहते. वाटणं जातं.”

ही पद्धत त्यांच्यासारख्यांनीच शोधली होती, जळत्या बसमधून बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा झोप लागावी म्हणून. एका आठवणीसाठी सहा-सहा महिने विचार करून, रुग्णाशी दहादा बोलून मग ती वापरायची. रेणुकेने विचारलं की उद्यानवाल्यांना याचा काय उपयोग. डॉक्टर थकल्यासारख्या हसल्या. कुठलीच सहल एकटी नसते, त्या म्हणाल्या. माणूस ती मागच्या सहलीशी ताडून बघतो. तुमचं घर उघड मार्क देतं, बाकीचे मनात देतात. नवा पाळणा किती उंच बांधला तरी जुन्या सुखाच्या पुढं तो बुटकाच ठरतो. मग उंची वाढवत बसण्यापेक्षा मागचं सुखच खाली ओढलं की झालं.

रेणुकेने विचारलं की हे परत येईल का.

डॉक्टरांनी मान हलवली. “तुटलेला धागा जुळत नाही. पण तुम्ही त्या दालनात ज्या आठवणी काढल्याच नाहीत, त्या शाबूत आहेत. त्यांना धक्का लागलेला नाही.”

रेणुकेने आठवून पाहिलं, त्या दालनात आपण काय काय काढलं होतं. आवाजाने सुखाचे दिवस मागितले होते आणि तिने हात आखडता घेतला नव्हता. बालाजीबरोबरचा आठवेल तो प्रत्येक चांगला दिवस तिने स्वतःच्या हाताने पुढं केला होता. मुलांनीही तेच केलं असणार. उरलं काय, तर जे कुणी सुखाचं म्हणून काढणार नाही ते. भांडणं. अबोले. दवाखान्यातले नऊ दिवस.

तिथून ती थेट नवलनगरीच्या कचेरीत गेली. देवस्थळी नावाचे तरुण अधिकारी तिला भेटले. उभं राहून नमस्कार केला, चहा मागवला. त्यांनी काहीही नाकारलं नाही, याचाच तिला पहिला धक्का बसला. तिकिटाच्या संमतीपत्रात, ते म्हणाले, पूर्वानुभवांचं संतुलन असा उल्लेख आहे आणि त्याखाली तुमची सही आहे. कुणाची एकही आठवण आम्ही पुसलेली नाही. तुम्हाला तारीखवार सगळं आठवतंय ना?

रेणुका म्हणाली की तिचा नवरा तिला आता शेजाऱ्यासारखा वाटतो.

देवस्थळींच्या चेहऱ्यावर खरोखरीची कणव आली. मग त्यांनी दुसरा धक्का दिला. याला उपाय आहे, ते म्हणाले. मुलांना घेऊन या. दालनात बसा, पुन्हा तेच दिवस आठवा. त्या वेळी आम्ही राइडचा आनंद त्यांना जोडून देऊ. “वहिनी, मी खात्री देतो. तुमचं तुमच्या मिस्टरांवर आधी होतं त्यापेक्षा जास्त प्रेम बसेल.”

चहा तसाच ठेवून ती बाहेर पडली.

घरी येऊन तिने सगळ्यांना समोर बसवलं आणि काही न लपवता सांगितलं. काय झालं, कसं झालं, आणि उद्यानवाले काय देऊ करताहेत. उज्ज्वलाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. जुई घाबरून आत्याला बिलगली. ती म्हणाली की तिला बाबा आवडायचे हे तिला माहीत आहे, म्हणून तिला ते परत आवडायला हवेत, मशीनने का होईना.

निनाद खाली बघत होता. रेणुकेला वाटलं तो चिडणार. बापाचा जीव की प्राण होता तो.

“आई, रागावू नकोस,” तो म्हणाला. “मला नको आहे ते परत.”

मग अडखळत अडखळत त्याने जे सांगितलं ते तिने जन्मात कल्पिलं नसतं. रोज सकाळी जाग आली की पहिल्यांदा झुळूकचा पाळणा डोळ्यांपुढे यायचा आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं. दोन वर्षं. एकदा तो मोती तलावाच्या काठावर बराच वेळ उभा राहिला होता, वह्या-पुस्तकांचं दप्तर पाठीवर तसंच ठेवून. तो कशासाठी उभा होता ते त्याने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. नवलनगरीहून आल्यापासून ते ओझं नव्हतं. भूक लागत होती. धडे लक्षात राहत होते. बाबा होते, चांगले होते, गेले, एवढंच त्याला आता वाटत होतं, आणि एवढंच त्याला पुरत होतं.

रेणुका त्याच्याकडे पाहत राहिली. गेल्या पंधरा दिवसांत त्याच्या गालांवर खरंच मांस धरलं होतं. ज्यांनी तिचं घर लुटलं होतं त्यांनीच तिचा मुलगा तलावाच्या काठावरून मागे ओढला होता, आणि त्यांना स्वतःला याचा पत्ताही नव्हता. तिने उठून त्याला जवळ घेतलं. परत आणायचं नाही, ती म्हणाली. तुझ्यासाठी नाही, आणि मशीनने तर कुणासाठीच नाही.

डॉ. शिकलगार आणि आणखी सहा कुटुंबांबरोबर तिने तक्रार दाखल केली. चौकशी बसली. सुनावणीत एक अडचण अशी आली की, नुकसान झालं म्हणणाऱ्या कुणालाही त्या नुकसानीचं दुःख होत नव्हतं. उद्यानाच्या वकिलाने त्यावरच बोट ठेवलं. तेव्हा उज्ज्वलाताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी आकाशपाळण्याचा तो दिवस सांगितला. सांगता सांगता त्या हसल्या, मग त्यांचा आवाज फुटला. मग रेणुकेला तोच दिवस सांगायला लावलं. तिने एकही तपशील न चुकवता, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसा तो सांगितला. पुढच्या चैत्रात राज्यातली तसली सगळी दालनं बंद करण्याचा हुकूम निघाला.

त्या सुनावणीहून परतताना रेणुकेला नणंदेकडे बघवेना. बालाजीवर त्या घरात जीव टाकणारं आता एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाला ते एकटीने वाहायचं होतं.

राहिली जुई. मशीन नाही म्हटल्यापासून ती आईशी तुटक वागत होती. वैशाखातल्या एका रविवारी दुपारी दोघी गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. रेणुकेला कितीतरी दिवस जे विचारायचं होतं ते तिने तेव्हा विचारलं. बाबांचा चांगला दिवस नको सांगूस, ती म्हणाली. कधी राग आला होता का त्यांचा?

जुईचे हात थांबले. “येतो अजून.”

“येतो?” रेणुकेने हातातला साचा खाली ठेवला. “खरंच येतो?”

तिसरीत असतानाच्या गॅदरिंगची गोष्ट होती. जुई मोर झाली होती. आई त्या दिवशी कामासाठी परगावी होती, बाबा नक्की येणार होते. नाच झाला, बक्षीस वाटप झालं, बाबा आले नाहीत. सगळी मुलं घरी गेली, शिपाई खुर्च्या गोळा करायला लागले तेव्हा ते धापा टाकत आले. गाडी बंद पडली होती म्हणे. जुई बोलता बोलता लाल झाली. तिचा आवाज चढला. खोटारडे होते ते, ती म्हणाली, नेहमी तसंच करायचे, नक्की येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. सहा महिन्यांत त्या पोरीच्या तोंडून बापाबद्दल एक जिवंत शब्द आला नव्हता, आणि आता तिचे ओठ थरथरत होते.

“मग काय झालं?”

“मग ते शिपायाला म्हणाले, एक खुर्ची राहू द्या. आणि पहिल्या रांगेत बसले. एकटेच. मला म्हणाले, चला मोर, होऊन जाऊ द्या.”

रेणुकेला यातलं काहीच माहीत नव्हतं. बालाजीने कधी सांगितलं नव्हतं.

“मी नाही केला,” जुई म्हणाली. “मुद्दाम. ते बसून राहिले. पंखे बंद केले, दिवे बंद केले, तरी बसूनच होते. मी पिसारा काढून पिशवीत कोंबला.” ती थांबली. कुरडईचा ओला चीक तिच्या बोटांवरून ओघळत होता. तिने मनगटाने नाक पुसलं आणि एकाएकी तिला हुंदका फुटला, पोटातून आल्यासारखा, मोठा. “आई, मी नाचायला पाहिजे होतं गं.”

रेणुकेने तिला घट्ट धरलं. जुई रडत राहिली, बाबा बाबा करत, आणि खाली अंगणात उज्ज्वलाताई हातातलं सूप टाकून जिन्याकडे धावल्या.